प्रश्नाला परतीची वाट

बालभारतीच्या पुस्तकात पानाच्या कडेला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक छोटा चौकोन छापलेला असतो, क्यूआर कोड. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आपल्या वर्गातल्या पुस्तकांसाठी असे कोड तयार केले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते छापून येऊ लागले आणि २०२० मध्ये डिसले सरांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. आज बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्यात सहावीतल्या एखाद्या मुलीनं वडिलांचा मोबाइल त्या चौकोनावर धरला, की दोन-तीन सेकंदांत पडद्यावर धडा बोलायला लागतो.

आपल्याला याचं आता काही वाटत नाही. पण त्या दोन-तीन सेकंदांत काय काय घडलं, ते नीट पाहिलं तर थक्क व्हायला होतं. धडा फोनमध्ये नव्हता. तो शेकडो किलोमीटर दूर, कुठल्या तरी इमारतीतल्या संगणकावर होता. तिथून तो निघाला, शेतांच्या, ओढ्यांच्या, डांबरी रस्त्यांच्या कडेनं जमिनीखालून पळत आला. आणि प्रवासाच्या सर्वांत मोठ्या टप्प्यात तो ना शब्द होता, ना चित्र. तो निव्वळ उजेड होता, काचेच्या तंतूतून धावणारा.

त्याहून मोठं नवल पुढेच आहे. याच वाटेनं त्या मुलीचा प्रश्नही उलट दिशेनं जाऊ शकतो. घरबसल्या शिकण्याच्या आजवरच्या सगळ्या सोयी आणि घरातलं चांगलं इंटरनेट यांत खरा फरक आहे तो इथेच.

दूरवरून शिकवण्याचा खटाटोप आपल्या देशात फार जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ ला ‘साइट’ नावाचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी आपल्याकडे वळवून घेतला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत सार्वजनिक टीव्ही संच बसवले. त्यांत कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर जिल्हे होते, म्हणजे मराठवाड्यापासून फार दूर नसलेला मुलूख. ज्या गावांत वीज नीट पोहोचली नव्हती, तिथे पृथ्वीपासून सुमारे ३६००० किलोमीटरवरच्या उपग्रहातून शाळेचे धडे उतरत होते! पंचेचाळीस वर्षांनी, मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलपं लागली, तेव्हाही अशाच वाटा पुन्हा शोधल्या गेल्या. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर ‘बोलकी शाळा’ भोंग्यावरून भरली. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले.

हे सगळे प्रयत्न मनापासूनचे होते आणि मुलांना त्यांनी खूप काही दिलं. पण टीव्हीवरच्या बाईंना चौसाळ्यातल्या मुलीचा वर गेलेला हात दिसत नाही. भोंग्याला ‘सर, पुन्हा सांगा ना’ हे ऐकू येत नाही. शिकवणं तिथे एकाच दिशेनं वाहतं आणि शिकण्याचं निम्मं काम तर प्रश्न विचारण्यात असतं. त्या प्रश्नाला परतीची वाट लागते.

ती वाट किती घरांत होती? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या ग्रामीण घरांपैकी फक्त १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक ४.४ टक्के घरांत. पुढच्या दोन-तीन वर्षांत स्मार्टफोन झपाट्यानं वाढले. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीनुसार शाळकरी मुलं असलेल्या ग्रामीण घरांत २०१८ मध्ये ३६.५ टक्क्यांकडे स्मार्टफोन होता, २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांकडे. मग प्रश्न सुटला असेल, असं वाटणं साहजिक आहे. फोन आहे, नेट पॅक आहे, आणखी काय पाहिजे?

इथे थोडा हिशेब करू. सरांचा चेहरा आणि फळा दाखवणारं साधं चांगलं चित्र घ्या. त्याच्या एका चौकटीत रंगाचे सुमारे ९ लाख २१ हजार ठिपके असतात. सेकंदाला अशा २५ चौकटी. प्रत्येक ठिपक्याचा रंग जसाच्या तसा पाठवायचा म्हटलं तर सेकंदाला ५५ कोटींहून जास्त शून्य-एक पाठवावे लागतील. गावातला कोणताही फोन या ओझ्याखाली दबून जाईल. आणि तरीही आपल्याला वर्ग दिसतो. कसा?

कारण फोन सगळं पाठवतच नाही. फळा मागच्या क्षणी होता तिथेच आहे, भिंतही तीच आहे, बदलला आहे तो सरांचा हात आणि ओठ. मग तेवढंच पाठवायचं. हात थोडा उजवीकडे सरकला असेल, तर नवा हात पाठवायचा नाही, ‘मघाचाच हात इतका सरकव’ एवढा निरोप पाठवायचा. आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक बारीक कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून रंगाची माहिती आणखी कापायची. अशी काटछाट करत ५५ कोटींचं ओझं दहा-पंधरा लाखांवर येतं. म्हणजे साधारण चारशे-पाचशे भागांपैकी एकच भाग प्रवास करतो, बाकीचं चित्र तुमचा फोन स्वतः पुन्हा रचतो. आणि हे सेकंदाला २५ वेळा, न थकता.

इतकं कापूनही उरतं त्याचा हिशेब असा. सेकंदाला दहा लाख शून्य-एक, म्हणजे एक एमबीपीएस, हा वेग धरला तर तासभराच्या वर्गाला ४५० एमबी डेटा लागतो. रोज दीड जीबीचं पॅक असेल तर तीन तास वीस मिनिटांत ते संपलं. घरात एक दहावीचा, एक बारावीची आणि फोन एकच. संध्याकाळी वडील शेतातून येईपर्यंत तो फोन घरी नाही आणि ते आले की दिवसाचा डेटा नाही. ‘आज नेट संपलं’ हे वाक्य खेड्यातल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी इतकं का असतं, ते या साध्या गुणाकारात कळतं.

त्यात मोबाइलची लहर हवेतून येते. एका टॉवरकडून एका दिशेला जितकी क्षमता फेकली जाते, ती त्या दिशेच्या सगळ्या फोनांत वाटली जाते. रात्री जेवणं झाली, सगळ्यांनी फोन हातात घेतले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडं-थोडं येतं. चौसाळा आहे बालाघाटाच्या रांगेत. डोंगराची कड मध्ये आली की पलीकडच्या वस्तीवर लहर नीट पोहोचत नाही. पत्र्याचं घर असेल तर आणखी पंचाईत, कारण धातूचा पत्रा रेडिओ लहरी परतवून लावतो. ओसरीत रेंज आणि आत काहीच नाही, हा अनुभव पत्र्याच्या घरात राहणाऱ्या कुणालाही विचारा. टाळेबंदीत कोकणातली मुलं रेंजसाठी डोंगर चढली, ती याच कारणानं.

मग तार घरात आणली तर? आणि ती काचेची असली तर?

मराठवाड्यातल्या पोरांना या तारेचं गुपित आधीच ठाऊक असतं, फक्त त्याचं नाव माहीत नसतं. उन्हाळ्यात विहिरीत बुडी मारून वर पाहिलं, तर डोक्याच्या बरोबर वर आभाळ दिसतं. पण नजर तिरकी केली की एका मर्यादेपलीकडे आभाळ नाहीसं होतं आणि पाण्याचा पृष्ठभाग आतून आरशासारखा चकाकतो. पाण्यातून तिरका निघालेला उजेड बाहेर हवेत पडतच नाही, पुन्हा पाण्यात परततो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. १८४१ मध्ये जिनिव्हात डॅनिएल कोलाडाँ यांनी पाण्याच्या वाकड्या धारेत उजेड सोडला, तर तो धारेबरोबर वळून खाली आला! सरळ रेषेत जाणारा म्हणून ज्याची ख्याती, तो उजेड वळणावरून वळला.

पाण्याच्या जागी काच आणण्याचं मोठं श्रेय एका भारतीयाला जातं. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये काम करत होते. हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेऊन दाखवलं. तो निबंध १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. २०२१ मध्ये आपल्या सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

पण एक मोठी अडचण होती. त्या काळची चांगल्यातली चांगली काचही उजेड गिळत होती. काही मीटर ठीक, पण किलोमीटरभर गेल्यावर पलीकडे जवळजवळ अंधारच. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिलं, की दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धतेचा आहे. लोखंडासारख्या धातूंचे अत्यल्प अंश उजेड खातात. ते काढून टाका, एका किलोमीटरनंतर एक टक्का जरी उजेड उरला तरी काचेतून टेलिफोन चालेल, असं त्यांचं म्हणणं होतं. विचार करा, शंभरातला एक भाग उरणं ही तेव्हा महत्त्वाकांक्षा होती! १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या तिघा संशोधकांनी ती पार केली, सुमारे दोन टक्के उजेड उरवून. आणि आज? आजच्या तंतूतून किलोमीटरभर गेल्यावर ९५ टक्के उजेड शिल्लक असतो. तो निम्मा व्हायला पंधरा किलोमीटर जावं लागतं. काव यांना २००९ चं नोबेल मिळालं.

अशी काच बनते कुठे? चौसाळ्यावरून जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग, क्रमांक ५२, बीडवरून छत्रपती संभाजीनगरला जातो. त्या शहराजवळच्या वाळूज आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींत स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे कारखाने आहेत आणि तिथे हा तंतू तयार होतो. वाळू वितळवून ही काच करत नाहीत, कारण वाळूत नको ते धातू असतात. सिलिकॉनच्या एका संयुगाची वाफ करून तिच्यापासून अतिशुद्ध काचेची पूड बनवतात, थरावर थर बसवून तिचा जाड दांडा करतात. मध्यभागी जर्मेनियमचा अंश मिसळतात, म्हणजे गाभ्यातली काच बाहेरच्या काचेपेक्षा किंचित वेगळी होते आणि उजेड गाभ्यातच कोंडला जातो. मग तो दांडा उंच मनोऱ्यावर टांगून सुमारे २००० अंश सेल्सिअसला तापवतात. खालचं टोक मऊ होऊन ओघळतं, त्याचा तंतू होतो आणि तो सेकंदाला वीस मीटरपेक्षा जास्त वेगानं ओढून गुंडाळतात. एका दांड्यातून शेकडो किलोमीटर तंतू निघतो. जाडी किती? मिलिमीटरचा आठवा भाग. आणि त्यातला ज्या गाभ्यातून उजेड जातो, तो फक्त ९ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण आठवा हिस्सा.

महाराष्ट्राच्या इंटरनेटचा मोठा भाग मुंबईतून फिरतो. समुद्राखालून आलेल्या अनेक केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीवर चढतात. जास्त पाहिल्या जाणाऱ्या व्हिडिओंच्या प्रती कंपन्या देशातल्याच संगणकांवर ठेवतात, त्यामुळे प्रत्येक धड्याला साता समुद्रापार जावं लागत नाही. मुंबईपासून चौसाळ्यापर्यंत केबलचं अंतर पाचशे किलोमीटर धरू. काचेत उजेडाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. म्हणजे प्रश्न मुंबईला जाऊन उत्तर परत यायला उजेडाला लागतात ५ मिलिसेकंद, एका सेकंदाचा दोनशेवा भाग. वाटेतली यंत्रं त्यात भर घालतात, तरीही तुमची पापणी लवून होण्याआधी निरोप जाऊन परत आलेला असतो.

ही केबल देशभर बहुधा महामार्गांच्या कडेनंच पुरलेली असते, म्हणून महामार्गावरच्या गावांना ती जवळची. आणि म्हणूनच तिचा सर्वांत मोठा शत्रू आहे जेसीबी. रस्ता रुंद करताना, पाइपलाइन टाकताना एक फटका बसतो आणि दहा गावांचं नेट जातं. मग तुटलं कुठे ते कसं शोधायचं? सगळा रस्ता उकरायचा? नाही. दूरच्या एका टोकाला बसलेला तंत्रज्ञ तारेत उजेडाचा एक ठोका सोडतो. तुटलेल्या टोकावरून त्याचा अंश परत येतो आणि तो किती वेळानं आला, यावरून यंत्र सांगतं की तुटलेली जागा अमुक किलोमीटरवर, इतक्या मीटरवर आहे.

जोडकाम तर जवळून पाहण्यासारखंच असतं. चौकात जीपच्या मागच्या फळीवर एक डबा उघडलेला असतो. पोरगा केबलचं काळं आवरण सोलतो, आतून निळे, केशरी, हिरवे, तपकिरी तंतू बाहेर येतात. बारा तंतूंना बारा रंग ठरलेले. एक तंतू पुसून, अगदी काटकोनात कापून तो डब्यात ठेवतो, समोर त्याचा जोडीदार. छोट्या पडद्यावर दोन्ही टोकं मोठी होऊन दिसतात, यंत्र त्यांना आपोआप समोरासमोर आणतं. निळसर ठिणगी चमकते आणि काच काचेला वितळून चिकटते. जोड इतका नीट बसतो, की त्यात वाया जाणारा उजेड जेमतेम एक टक्का. मग तो पोरगा लाल उजेडाचा पेन दुसऱ्या टोकाला लावतो. कुठे तडा असेल तर तार तिथेच लाल उजळते.

आता उजेड गावात आला. पण प्रत्येक घराला मुंबईहून स्वतंत्र तार येते का? इथेच या सगळ्या रचनेतली सर्वांत सुंदर युक्ती आहे. गावातल्या केंद्रावरून एकच तंतू निघतो आणि खांबावरच्या छोट्या डबीत तो ३२ तंतूंत फुटतो. त्या डबीला वीज लागत नाही, बॅटरी नाही, पंखा नाही. ती नुसती काच आहे. उजेड तिच्यात शिरतो आणि ३२ वाटांनी विभागला जातो. प्रत्येक घराच्या वाट्याला जेमतेम तीन टक्के उजेड येतो. एका वॅटचे पाच लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा क्षीण उजेडही घरात बसवलेल्या छोट्या पेटीला वाचता येतो! केंद्रापासून वीस किलोमीटर केबलपर्यंत ही पद्धत चालते. म्हणजे चौसाळ्यात बसवलेलं एक केंद्र आजूबाजूच्या कितीतरी गावांना पुरू शकतं.

केंद्राकडून येणारा उजेड सेकंदाला सुमारे अडीचशे कोटी शून्य-एक घेऊन येतो. आता हा वेग डोळ्यांसमोर आणायचा कसा? काचेत धावताना त्यातल्या एका चिन्हाची लांबी भरते फक्त आठ सेंटीमीटर. म्हणजे केंद्रापासून तुमच्या घरापर्यंतच्या एका किलोमीटर तारेत कोणत्याही क्षणी साडेबारा हजार चिन्हं एकामागे एक वाटेवर असतात. तोच उजेड ३२ ही घरांत पोहोचतो, प्रत्येक पेटी फक्त आपल्या नावाचं उचलते आणि शेजाऱ्याचं सांकेतिक भाषेत असल्यानं तिला ते वाचता येत नाही.

आणि परतीची वाट? तंतू तोच, दिशा उलटी. येणारा उजेड एका रंगाचा, जाणारा दुसऱ्या रंगाचा. दोन्ही आपल्या डोळ्यांना न दिसणारे, अवरक्त. (म्हणूनच उघड्या फायबरच्या टोकात कधीही डोकावू नये.) दोन रंग एकमेकांना न अडवता एकाच काचेतून आरपार जातात. पण ३२ घरं एकाच वेळी एकाच रंगात बोलू लागली तर केंद्राला सगळाच गोंधळ ऐकू येईल. त्यावरचा उपाय भावकीतल्या सामाईक विहिरीसारखा आहे: पाण्याची पाळी. आता या घराचं बारं, मग त्या घराचं, मग तिसऱ्याचं. फरक एवढाच, की ही पाळी सेकंदाच्या लाखाव्या भागांत मोजली जाते आणि ती कुणी चुकवत नाही, कुणाशी भांडत नाही.

त्यातही एक बारकावा आहे. कुणाचं घर केंद्रापासून दोनशे मीटरवर, कुणाचं सात किलोमीटरवर शेतात. दोघांनी एकाच वेळी उत्तर दिलं तरी लांबच्या घराचा उजेड उशिरा पोहोचणार, दर किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद. म्हणून केंद्र सुरुवातीलाच प्रत्येक पेटीला हाक मारून तिचं अंतर मोजतं आणि जवळच्या पेट्यांना सांगतं, तुम्ही इतकं थांबून बोला. शेवटी सगळी घरं केंद्राला सारख्याच अंतरावर वाटतात. गावठाणातलं घर आणि वस्तीवरचं घर यांच्यात यंत्र भेद करत नाही. चौसाळ्यातली मुलगी ऑनलाइन वर्गात हात वर करते, ‘सर, हे समीकरण पुन्हा सांगा’ म्हणते, तेव्हा तिचा आवाज आपल्या पाळीच्या त्या इवल्याशा फटीतून उजेड होऊन बाहेर पडतो आणि सरांच्या कानावर जातो.

मग ही तार प्रत्येक घरात का नाही?

काम सुरू होऊन बरीच वर्षं झाली आहेत. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत काचेची तार नेणं हा हेतू होता. त्याचंच पुढे ‘भारतनेट’ झालं आणि डिसेंबर २०१७ पर्यंत एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा झाला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रानं ‘महानेट’ म्हणून काम स्वतःकडे घेतलं. पण तार पंचायतीच्या कपाटापर्यंत गेली म्हणजे मुलांच्या घरात गेली असं होत नाही. लाईट गेली की पेटी बंद, बॅटरी खराब झाली तर ती बदलायची कुणी, हे अनेकदा ठरलेलं नसतं. शिवाय सुरुवातीची रचना सरळ रेषेची होती. मध्ये एके ठिकाणी तुटलं की पुढची सगळी गावं अंधारात.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटनं या दुखण्यांवर बोट ठेवलं आहे. १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या या योजनेत पंचायती वर्तुळात जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूनं तार तुटली तरी उजेड उलट्या बाजूनं फिरून येईल. दीड कोटी ग्रामीण घरांत फायबरची जोडणी द्यायची आहे. शेवटचं काम गावातल्याच उद्योजकाकडे, म्हणजे बऱ्याच ठिकाणी कालपर्यंत टीव्हीची केबल देणाऱ्याकडे सोपवायचं आणि उत्पन्नात त्याला वाटा द्यायचा. तार तुटल्यावर तालुक्याच्या ठिकाणाहून माणूस यायची वाट पाहण्यापेक्षा गल्लीतलाच माणूस शिडी घेऊन आला, तर नेट टिकतं. योजनेत आणखी एक ओळ आहे: पंचायतीचं ठिकाण नसलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांनाही तार द्यायची, पण मागणी आली तर.

डोंगरातल्या ज्या वस्त्या-तांड्यांवर खांब पुरणंच अवघड, तिथे आभाळाची वाट खुली होते आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं दुर्गम भागांसाठी स्टारलिंक या उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या कंपनीशी इरादापत्र केलं, त्यात शेजारच्या धाराशिवचंही नाव आहे. १९७५ चा उपग्रह ३६००० किलोमीटरवर होता, हे उपग्रह सुमारे पाचशे किलोमीटरवर फिरतात आणि मुख्य म्हणजे ते घरातून निघालेला प्रश्नही झेलतात.

बीड जिल्ह्याला या वाटेची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. दिवाळीच्या सुमारास इथली हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुलं आई-वडिलांबरोबर फडावर गेली तर शाळा सुटते, मागे राहिली तर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. आजी गणित समजावू शकत नाही. मागे राहिलेल्या दहावीच्या मुलीला रात्री आठ वाजता अडलेलं उदाहरण विचारता यावं, पोलीस भरतीची किंवा नीटची तयारी करणाऱ्या मुलाला शहरात खोली भाड्यानं घ्यावी लागू नये, लग्नानंतर शिक्षण थांबलेल्या सुनेला नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा अभ्यास घरून करता यावा, एवढी साधी ही गरज आहे. या विद्यापीठाचं १९८९ पासूनचं ब्रीद आहे, ‘ज्ञानगंगा घरोघरी’.

विज्ञानानं आपलं काम केव्हाच पूर्ण केलं आहे. काच शुद्ध झाली, उजेड वळला, ३२ घरांच्या पाळ्या ठरल्या. तार मुंबईहून शेकडो किलोमीटर आली आहे. राहिलं आहे ते खांबापासून उंबऱ्यापर्यंतचं शेवटचं अंतर आणि ते कापायला नवा शोध लागत नाही, पाठपुरावा लागतो. चौसाळ्यात असो वा तुमच्या गावात, येत्या ग्रामसभेत उठून चार गोष्टी विचारा. पंचायतीतली भारतनेटची पेटी चालू आहे का? तिच्या बॅटरीची जबाबदारी कुणाची? शाळा आणि अभ्यासिका जोडली आहे का? गावातल्या किती विद्यार्थ्यांच्या घरी तार गेली आणि किती राहिली? राहिलेल्यांची यादी करा, जोडणीची मागणी ठरावात लिहून घ्या आणि ठरावाची प्रत मागून घ्या. घरी जोडणी आलीच, तर राऊटरला छोटा यूपीएस लावा, म्हणजे लाईट गेली तरी वर्ग तुटणार नाही. योजनेतली तार मागणाऱ्या गावाला मिळणार आहे. तेव्हा आपल्या मुलांसाठी ती मागा.